अण्णांच्या इंजेक्शनवर सही माझी होती, आणि आता पुतणीनं उंदरांचा पेपर पाठवलाय

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण तुकड्यानं सांगितला तर काही कळणार नाही, म्हणून सगळंच लिहितो.

अण्णा, म्हणजे माझे वडील. वय ६६, वजन ६८ किलो. उभं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर गेलं, शेवटची बारा वर्षं जॉबर होते. शुगर सतरा वर्षांची. गोळ्या घेतात, पण पथ्य म्हणाल तर शेजारच्यांनी पाळायचं. शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ९.८.

यंदा भोगीच्या दिवशी सकाळी आठ दहाला त्यांनी चहा मागितला. तोवर ठणठणीत, पेपर वाचत होते. चहा घेऊन आलो तर कप हातात धरवेना. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला, बोलायला गेले की नुसतं ब-ब-ब. गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं (नाव घेत नाही, माणूस वाईट नाही). त्यांनी बोट टोचलं, साखर २८६. म्हणाले, "साखर वाढल्यामुळं झालंय, इन्सुलिन देतो, उतरली की हात हलेल." त्यात आमची पन्नास मिनिटं गेली. हात काही हलला नाही. त्यात सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा दिवस, नंदीध्वज निघालेले, बाळीवेशीकडचे रस्ते बंद. रिक्षावाल्यानं कुठून कुठून काढलं त्याचं त्याला माहीत. दहा पाचला मोठ्या दवाखान्यात पोचलो.

सीटी झाला. गुठळी आहे, रक्तस्राव नाही, म्हणाले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण शंभरातल्या पाच-सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होतो, सही करा. दादा पुण्यात, फोनवर. तो म्हणाला, "शुगरवाल्यांना रक्त फुटतं, थांब, मी इथल्या डॉक्टरला विचारतो." वीस मिनिटं त्या फोनात गेली. शेवटी मी सही केली. अकराला इंजेक्शन सुरू झालं, आधी थोडं सिरिंजनं आणि उरलेलं तासभर पंपावर.

दुसऱ्या दिवशीच्या सीटीत मेलेल्या भागात रक्ताचे बारीक ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. आज सात आठवडे झाले. अण्णा काठी घेऊन चालतात, बोलणं ऐंशी टक्के परत आलंय, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर नाही. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा माणूस, आज शर्टाचं बटण लावत नाही.

आता मूळ मुद्दा. दादाची मुलगी एम.फार्म करते. तिनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या लोकांचा २०१२ सालचा पेपर टाकला. शुगर असलेल्या उंदरांना हेच औषध दिलं तर रक्त नीट सुरू झालं नाही, मेंदू वाचला नाही आणि रक्तस्राव जास्त झाला. खाली दादाचा एकच शब्द: "बघ."

तेव्हापासून झोप नाही. कुणी जाणकार असेल तर सरळ सांगा, मी चूक केली का?

सात_रस्ता_७

भाऊ काळजी करू नका. अर्जुनाची साल रात्री भिजवून सकाळी उपाशीपोटी द्या, गुठळी आपोआप जाते. माझ्या मेव्हण्याला गुण आला.

प्राणीगृह_ताई

सात रस्तावाले दादा, गुठळी जायची ती त्याच दिवशी गेली किंवा राहिली. आता सात आठवड्यांनी साल भिजवून कुठली गुठळी काढणार? त्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, त्यात परस्पर काही मिसळायला सांगू नका.

टॉवेलवाले भाऊ, मी डॉक्टर नाही. एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात तेवीस वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पॅरालिसिसचे प्रयोग आमच्याकडे होत नव्हते. आमच्याकडे कारलं, जांभूळ, मेथी यांचे अर्क. पण त्यासाठी शुगरचे उंदीर शेकड्यांनी मी स्वतः तयार केलेत. म्हणून "शुगरचा उंदीर" म्हणजे नेमका कोण, ते तुम्हाला सांगते. पेपरात ते एका ओळीत उरकतात.

स्ट्रेप्टोझोटोसिन नावाची पावडर असते. मूळची मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेली. थंडगार सायट्रेट बफरमध्ये विरघळवायची आणि तिथल्या तिथं उंदराच्या पोटात टोचायची. मध्ये चहा प्यायला गेलात तर औषध वाया. ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. पेशी मरताना साठवलेलं इन्सुलिन एकदम सोडतात, त्यामुळं पहिल्या रात्री साखर कमी होऊनच उंदीर दगावतात. म्हणून बाटलीत साखरपाणी ठेवायचं. तीन दिवसांनी शेपटीला टोचून साखर बघायची, ग्लुकोमीटर तोच, तुमच्या घरातला. अडीचशेच्या वर गेला की मधुमेही म्हणून नोंदवायचा. बरेच चारशेला असतात. कधी कधी मशीनवर आकडाच येत नाही, नुसतं "हाय" येतं. मग ते पाणी पितात, पितात आणि पिंजरा भिजवतात. साध्या उंदरांचा तूस आठवड्यातून दोनदा बदलला तर चालतं, यांचा रोज बदलावा लागतो. आठवडाभरात पाठीची हाडं हाताला लागतात.

हा झाला शुगरचा उंदीर. त्याचं इन्सुलिन जवळजवळ संपलेलं, म्हणजे लहान मुलांना होतो तो टाइप वन. त्याला ना गोळी, ना इन्सुलिन. वय तीन-चार महिने, म्हणजे ऐन तारुण्य. बीपी नाही, तंबाखू नाही. तुमचे अण्णा टाइप टू, सतरा वर्षं गोळ्यांवर. दोघांना आपण शुगरच म्हणतो, पण अण्णांच्या जागी तो उंदीर उभा करता येत नाही.

दुसरी गोष्ट डोसची. माणसाला हे औषध किलोमागं ०.९ मिलिग्रॅम देतात. अण्णा ६८ किलोचे, म्हणजे साधारण ६१ मिलिग्रॅम. त्यातलं दहा टक्के आधी सिरिंजनं, उरलेलं तासभर पंपावर, तुम्ही बघितलंत तसंच. उंदराला बहुतेक प्रयोगांत किलोमागं १० मिलिग्रॅम देतात, दहापटीहून जास्त. कारण औषध माणसाच्या प्रथिनाचं, उंदराच्या गुठळीवर ते दुबळं पडतं. गुठळीपुरता हिशेब जुळला. पण हेच औषध मेंदूच्या पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरही काम करतं, तिथं ते दहापट पडतं की नाही यावर त्या क्षेत्रातले लोक आजही भांडतात.

पुतणीची बाजूही सांगते, नाहीतर मी तुमचं मन राखायला लिहितेय असं वाटेल. या प्रकारचे बरेच प्रयोग नायलॉनचा दोरा घालून करतात. दोरा मानेतल्या रक्तवाहिनीतून वर सारायचा, मेंदूची वाहिनी बुजवायची, ठरल्या वेळेनं ओढून काढायचा. तिथं विरघळवायला गुठळीच नसते, मग औषधाचा नुसता तोटा दिसतो. बॉस्टनवाल्यांनी दोरा नाही घातला, खरी गुठळी सोडली. म्हणून तो पेपर वजनदार आहे, आणि त्यातही फायदा कमी, रक्तस्राव जास्त असंच निघालं. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या गटालाही त्याच वर्षी शुगरच्या उंदरांत तसंच दिसलं. मुलगी खोटं बोलत नाहीये. आपल्या आजोबांच्या काळजीनंच वाचत बसली असेल, तिच्यावर रागावू नका.

टॉवेलवाला_सोलापूर

ताई, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिच्यावर राग नाहीच, राग दादाच्या त्या "बघ" वर आहे.

एक विचारू? रक्तस्राव जास्त का होतो? औषध तर गुठळीवर काम करतं, भिंत का फुटावी? आणि साखरच कारण असेल तर आधी साखर उतरवून मग इंजेक्शन दिलं असतं तर? गल्लीतले डॉक्टर तेच करत होते ना? मग त्यांचंच बरोबर होतं का?

प्राणीगृह_ताई

पहिल्याचं उत्तर माझ्या समजुतीपुरतं देते, दुसऱ्याला डॉक्टर हवा.

तुम्ही मागावरच्या घरातले, म्हणून तुमच्या भाषेत. गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी, तिच्यात रक्तपेशी अडकलेल्या. औषध रक्तातलंच एक द्रव्य जागं करतं आणि ते द्रव्य हे धागे कापतं. शुगरवाल्याच्या रक्तात दोन अडचणी. एक, जाळीची वीण घट्ट असते, टॉवेल विणायला घेतला आणि ताडपत्री झाली असं. दुसरी, या औषधाला जायबंदी करणारं पीएआय-१ नावाचं प्रथिन जास्त असतं. म्हणून गुठळी लवकर सुटत नाही आणि पलीकडचा मेंदू तेवढा वेळ उपाशी राहतो.

भिंतीचं असं, की तीसुद्धा एका पातळ अस्तरावर उभी असते. वर्षानुवर्षं गोड रक्त फिरून अस्तर विरलेलं. त्यात एमएमपी-९ नावाचं एक विकर ते अस्तर खातं. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर ते वाढतं, शुगरमध्ये आणखी वाढतं आणि हे औषधही त्याला चेव आणतं. मग जिथं रक्त परत येतं तिथंच ते बाहेर झिरपतं. धुऊन धुऊन जाळी झालेल्या चादरीत पाणी ओता म्हणजे कळेल.

जपानमध्ये सेंदाईला साध्या विस्टार जातीच्या उंदरांतून पिढ्यान् पिढ्या निवडून एक टाइप टूचा उंदीर तयार केलाय, गोटो-काकिझाकी. अंगानं बारीक, पण साखर चढी. अमेरिकेत जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या गटानं त्याच्यावर झटक्याचे प्रयोग केले तेव्हा मेलेला भाग लहान निघाला आणि रक्तस्राव मात्र जास्त. शुगरमुळं मेंदूत आधीच नको तितक्या नव्या वाहिन्या फुटलेल्या असतात. त्या संख्येनं खूप, पण कच्च्या. म्हणजे एकच शुगर एकीकडे वाचवते आणि दुसरीकडे फोडते. मला तर हे वाचून गंमतच वाटली होती.

बार्शीचा_फिजिशियन

उशिरा आलो, ओपीडी होती. ताईंनी उंदरांची बाजू माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मी माणसांची सांगतो.

या इंजेक्शनचा पाया ज्या अमेरिकन चाचणीवर आहे ती डिसेंबर १९९५ मध्ये छापून आली. ६२४ रुग्ण, झटक्यापासून तीन तासांच्या आत. औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के लोकांना त्रासदायक रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत ०.६ टक्के. तुम्हाला सांगितलेले "पाच-सहा" ते हेच. तरीही तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे असलेले लोक औषधाच्या बाजूला स्पष्ट जास्त होते, आणि मृत्यू १७ टक्के विरुद्ध २१ टक्के, म्हणजे वाढले तर नाहीतच. यात मधुमेहींना वगळलेलं नव्हतं. पुढं २००८ मध्ये साडेचार तासांपर्यंतची युरोपियन चाचणी आली, तिच्यात "मधुमेह आणि पूर्वी एक झटका" अशी दोन्ही असलेल्यांना बाजूला ठेवलं होतं. तुमच्या भावाच्या कानावर जे आलं असेल ते बहुधा तिथून. एकट्या मधुमेहामुळं कुणाला नाकारलं नव्हतं, आणि ती दुहेरी अटही नंतरच्या अमेरिकन सूचनांनी सैल केली. तुमचे अण्णा तर तीन तासांच्या आतले.

२८६ ला इंजेक्शन देता येतं. आम्ही अडतो ते ५० च्या खाली, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब पॅरालिसिससारखं दिसतं, आणि ४०० च्या वर. इंजेक्शनआधी हातात हवाच असा रक्ताचा रिपोर्ट एकच, तो म्हणजे साखरेचा. बाकीचे मागाहून आले तरी चालतात, पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर नसेल तर.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो फार चांगला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटानं २०११ मध्ये उंदरांत दाखवलं, की झटक्याच्या वेळी नुसती साखर चढवून ठेवली तरी या औषधाचा रक्तस्राव वाढतो, म्हणजे जुना मधुमेह नसला तरी. माणसांतही चढ्या साखरेबरोबर रक्तस्राव जास्त दिसतो. मग कुणालाही वाटेल, साखर पाडा, काम झालं. ते करून बघितलंय. २०१९ मध्ये शाइन नावाची चाचणी छापून आली. ११५१ रुग्ण, अर्ध्यांची साखर सलाइनमधून इन्सुलिन देऊन ८० ते १३० मध्ये बांधून ठेवली, अर्ध्यांची १८० च्या आत. तीन महिन्यांनी काडीचा फरक नाही. उलट पहिल्या गटात काहींची साखर धोकादायक उतरली. फायदा दिसायची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. सतरा वर्षांत विरलेलं अस्तर तासाभराच्या इन्सुलिननं शिवून निघत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

म्हणून गल्लीतल्या सहकाऱ्याचं चुकलं ते साखर मोजण्यात नाही, थांबण्यात. साखर मोजायला एक मिनिट लागतं. उरलेली एकोणपन्नास मिनिटं गेली ती मला सलतात. अण्णांच्या बोटांचा हिशेब कुणाला मागायचाच असेल तर तुमच्या सहीच्या आधी त्या मिनिटांना मागा, आणि पुण्याच्या फोनवरच्या विसांना.

ठिपक्यांबद्दल: मेलेल्या भागात रक्त झिरपून पडलेले ठिपके वेगळे आणि मेंदू दाबणारा रक्ताचा गोळा वेगळा. आम्ही भितो गोळ्याला, ज्यानं माणूस आणखी खालावतो. अण्णा त्या रात्री खालावले होते का?

टॉवेलवाला_सोलापूर

नाही डॉक्टर. उलट त्या रात्री अकराला त्यांनी उजवा पाय गुडघ्यात वाकवला. सिस्टरनं मला हाक मारून दाखवलं.

गुपचूप_वाचक

सगळं पटलं. पण मग एक कळत नाही. उंदीर वेगळा, डोस वेगळा, शुगर वेगळी, तर हे प्रयोग करता कशाला? ताई, राग मानू नका, बिचाऱ्या जनावरांचे हाल करून शेवटी "माणसाचं वेगळं असतं" एवढंच सांगायचं?

प्राणीगृह_ताई

राग नाही. माझ्या आईनं मला हेच आयुष्यभर विचारलं. चतुर्थीला उंदराला नमस्कार करायचा आणि सोमवारी कामावर जायचं.

हे इंजेक्शन माणसाला मिळालं त्याच्या दहा वर्षं आधी, १९८५ मध्ये, अमेरिकेत सशांवर दिसलं होतं की मेंदूत गुठळी सोडल्यावर लगेच हे औषध दिलं तर सशांच्या मेंदूचं नुकसान कमी होतं. अण्णांच्या पायामागं ते ससे आहेत. आणि फसलेलंही सांगते. २००६ साली एकानं मोजदाद छापली, तोवर झटक्यावर १०२६ उपाय प्रयोगशाळेत करून बघितले होते. त्यातून माणसाला उपयोगी पडलं ते हे एकच, म्हटलं तरी चालेल. त्याच सुमाराला एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध उंदरांत आणि माकडांत छान निघालं, माणसांच्या पहिल्या मोठ्या चाचणीतही बरं दिसलं आणि २००७ च्या दुसऱ्या चाचणीत सपशेल पडलं. त्यानंतर तज्ज्ञांनीच कान उपटले, की नुसत्या तरण्याबांड निरोगी उंदरांवर विसंबू नका, म्हातारे घ्या, बीपीचे घ्या, शुगरचे घ्या. पुतणीचा पेपर त्या प्रकारचा आहे. "शुगरवाल्याला इंजेक्शन देऊ नका" असं तो म्हणत नाही. शुगरवाल्यात औषध कुठं अडतं ते दाखवतो, म्हणजे सोबत दुसरं काय दिलं तर भिंत टिकेल ते शोधता येईल. त्याच गटानं पुढं मिनोसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक जोडीला देऊन बघितलं, ते एमएमपी-९ ला आवरतं. शुगरच्या उंदरांत रक्तस्राव कमी झाला. माणसात काय होईल ते माणसातच बघावं लागेल.

हाल होतात हे खरं. मी नाही म्हणणार नाही.

टॉवेलवाला_सोलापूर

चार दिवसांनी लिहितोय. ताई, डॉक्टर, तुमच्या दोघांचं सगळं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घेतलं.

रविवारी दादा आणि पुतणी आले. पोरगी आल्या आल्या म्हणाली, "काका, मी ते चुकून ग्रुपवर टाकलं, मला सेमिनारला हवं होतं." मी ताईंचा डोसचा मुद्दा विचारला, तर तिनं मोबाईलवर पेपर उघडून दाखवला, खरंच १० मिलिग्रॅम. दादानं प्रिंट दोनदा वाचली. डॉक्टरांच्या "पुण्याच्या फोनवरच्या विसांना" या ओळीवर थांबला, काही बोलला नाही, शेंगाचटणीची वाटी पुढं ओढली.

अण्णा बाजूला भाकरी कुस्करत होते, डाव्या हातानं. आम्हाला वाटत होतं त्यांचं लक्ष नाही. एकदम म्हणाले, शब्द अजून जड येतात, "सही सही काय चाललंय? त्या डॉक्टरनं आधी मला विचारलं होतं. मी मान हलवली. तुम्ही फोनवर होता."

मी तर दाराशीच होतो. मला दिसलं नव्हतं.

बोटांसाठी फिजिओवाल्यानं मऊ चेंडू दिलाय, तो अण्णा फेकून देतात. त्यांना कारखान्यातनं सुताचं एक बॉबिन आणून दिलं, त्यावर गाठी मारत बसतात, गाठी बसत नाहीत, शिव्या देतात. हे चालेल का, की चेंडूच हवा? कुणी फिजिओ असेल तर सांगा, नाहीतर वेगळा प्रश्न टाकतो.